पोस्टफिक्सची रांग: वीज जाणाऱ्या गावातून एक परीक्षण

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदार सहकारी संस्थेच्या कार्यालयात जो मेल सर्व्हर चालतो, त्याची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे आणि त्यावर पोस्टफिक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पोस्टफिक्सविषयी लिहिणारे बहुतेक जण ते बसवायचे कसे आणि स्पॅम अडवायचा कसा, एवढ्यावर थांबतात. पत्र स्वीकारल्यापासून ते पुढच्या सर्व्हरच्या हाती पडेपर्यंतच्या मधल्या काळात हे सॉफ्टवेअर नेमके काय करते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. शहरात हा मधला काळ दोन-चार सेकंदांचा असतो. आमच्याकडे मे महिन्यातील वळीव सुरू झाला, झाडाची फांदी तारेवर पडली आणि फायबरची जोडणी गेली की तो काही तासांचा, प्रसंगी काही दिवसांचा होतो. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः पोस्टफिक्सच्या रांगेचे, म्हणजे पुढे जाण्याची वाट पाहत थांबलेल्या पत्रांच्या व्यवस्थेचे आहे. सुरक्षा, स्पॅम-गाळण्या वगैरे गोष्टी मी मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत.

पोस्टफिक्स वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लिहिले आणि ते १९९८ च्या अखेरीस जाहीर झाले. त्याआधी युनिक्स यंत्रांवर सेंडमेलचे राज्य होते. सेंडमेल म्हणजे सगळी कामे एकट्याने करणारा, अवाढव्य आणि सर्वाधिकार असलेला एकच प्रोग्राम. वेनेमा यांनी ती कामे लहान लहान प्रोग्रामांत वाटली, त्यांतील बहुतेकांना कमीत कमी अधिकार दिले आणि त्यांच्या मध्यभागी एक रांग-व्यवस्थापक बसवला. ही रचना सुरक्षेसाठी केली असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. परंतु वीज केव्हाही जाऊ शकते अशा ठिकाणी तिचा दुसरा फायदा मला मोठा वाटतो. कोणतेही पत्र कोणत्याही क्षणी डिस्कवरील एका फाइलच्या रूपात असते आणि ती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे यावरून त्या पत्राची अवस्था कळते.

तो प्रवास थोडा जवळून पाहू. पाठवणाऱ्याशी बोलणारा प्रोग्राम पत्राचा मजकूर आत घेतो आणि क्लीनअप नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामाकडे देतो. क्लीनअप शीर्षके तपासतो, राहिलेली भरतो आणि 'इनकमिंग' फोल्डरमध्ये फाइल लिहू लागतो. लिहिणे चालू असताना त्या फाइलच्या परवानग्या ०६०० अशा असतात. संपूर्ण मजकूर डिस्कवर खरोखर उतरला आहे अशी खातरजमा झाल्यावरच त्या ०७०० होतात. रांग-व्यवस्थापक ०६०० असलेल्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. हे सगळे पार पडल्यावरच समोरच्याला 'क्यूड ॲज' असा शेरा आणि रांगेतील क्रमांक घेऊन २५०, म्हणजे 'स्वीकारले', हे उत्तर जाते. म्हणजे मजकूर येत असताना मध्येच वीज गेली तर पाठवणाऱ्याला २५० मिळालेलेच नसते, तो पत्र स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. २५० मिळाल्यानंतर वीज गेली तर पत्र आमच्या डिस्कवर असते. आरएफसी ५३२१ या ईमेलच्या देवाणघेवाणीच्या २००८ च्या मानकात स्पष्ट म्हटले आहे की २५० म्हणणाऱ्याने पत्र पोहोचवण्याची किंवा पोहोचले नाही असे कळवण्याची जबाबदारी घेतलेली असते आणि यंत्र बंद पडले अशा कारणाने ते हरवता कामा नये. पोस्टफिक्स ही अट अक्षरशः पाळते. इन्व्हर्टरची बॅटरी संपून आमचे यंत्र धाडकन बंद पडण्याचे प्रसंग पावसाळ्यात नवे नाहीत, पण स्वीकारलेले पत्र गहाळ झाल्याचे मला आजवर आढळलेले नाही. मात्र यासाठी डिस्क प्रामाणिक असावी लागते. लिहून झाले नसतानाही 'झाले' म्हणणारी स्वस्त डिस्क लावली तर त्याला पोस्टफिक्सचा इलाज नाही.

'इनकमिंग'मधून पत्र 'ॲक्टिव्ह' रांगेत येते. तिथे एका वेळी जास्तीत जास्त २०,००० पत्रे असू शकतात. आमच्यासारख्या संस्थेला हा आकडा आयुष्यात कधी गाठायचा नाही. पोहोचवण्याचा प्रयत्न तात्पुरत्या कारणाने फसला, म्हणजे समोरून ४ ने सुरू होणारे उत्तर आले किंवा जोडणीच झाली नाही, तर पत्र 'डिफर्ड' मध्ये जाते. उत्तर ५ ने सुरू होणारे असेल तर पुन्हा प्रयत्न होत नाही, पत्र लगेच प्रेषकाकडे परत जाते. 'डिफर्ड' मधील फाइलला पोस्टफिक्स भविष्यातील वेळ चिकटवते आणि ती वेळ येईपर्यंत तिला हात लावत नाही. किमान थांबा ३०० सेकंदांचा, कमाल ४,००० सेकंदांचा, आणि मधल्या काळात पत्राचे वय जितके तितका थांबा, असा हिशेब आहे. परिणामी पहिला प्रयत्न फसला की पुढचे प्रयत्न साधारण ५, १०, २०, ४० आणि ८० मिनिटांच्या वयाला होतात आणि त्यानंतर दर तासाला, नेमके सांगायचे तर सहासष्ट-सदुसष्ट मिनिटांनी. वर उल्लेखिलेले मानक दोन प्रयत्नांमध्ये निदान ३० मिनिटे असावीत असे सुचवते, त्या तुलनेत पोस्टफिक्स सुरुवातीला बरेच उतावीळ आहे. आमच्या दृष्टीने हा उतावीळपणा सोयीचा ठरतो. ग्रेलिस्टिंग करणारे सर्व्हर अनोळखी प्रेषकाला पहिल्यांदा ४५० म्हणून परत पाठवतात; तिथे पाच-दहा मिनिटांत पुन्हा गेले तर काम होते. हंगामात वाशीच्या बाजारातील अडत्याला गाडी निघाल्याची यादी पाठवायची असेल, तर अर्धा तास थांबणे परवडत नाही.

आता पाच दिवसांविषयी. पत्र रांगेत किती काळ ठेवायचे याची मूळ मर्यादा ५ दिवस आहे आणि मानकाची शिफारसही ४ ते ५ दिवसांची आहे. नेहमीच्या पावसाळ्याला एवढे पुरते. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत, विशेषतः दापोली-मंडणगडच्या भागात, कित्येक गावांना वीज यायला आठवडे लागले. मे २०२१ मध्ये तौक्तेने सिंधुदुर्गातही अनेक दिवस अंधार केला. अशा वेळी काय होते हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण कागदपत्रांत ते एका ओळीत उरकलेले आहे. यंत्र बंद असले तरी पत्राचे वय घड्याळाप्रमाणे वाढतच असते. आठ दिवसांनी यंत्र सुरू झाले की पोस्टफिक्स जुनी पत्रे तपासल्याविना परत पाठवत नाही, हे चांगले आहे. प्रत्येक पत्रासाठी एक प्रयत्न होतो. पण तो प्रयत्न तात्पुरत्या कारणाने जरी फसला, तरी मुदत संपलेली असल्यामुळे पत्र कायमचे परत जाते. आणि वीज आल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत नेमके काय घडते? सर्व्हर आधी उठतो, राउटर आणि फायबरचा डबा मागाहून जागे होतात. सर्व्हर उठला, जोडणी नाही, प्रयत्न फसला, पत्र परत. म्हणूनच आमच्या यंत्रावर पोस्टफिक्स आपोआप सुरू होत नाही. बाहेरचा पत्ता सापडतो आहे याची खात्री करणारी लहानशी स्क्रिप्ट ते सुरू करते. मर्यादाही मी १० दिवसांवर नेली आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांना मात्र या मर्यादेचा काडीचाही उपयोग नाही, कारण ती दुसऱ्यांच्या रांगांत पडून असतात आणि त्या रांगा त्यांच्या नियमांनी चालतात.

याच जागी डेबियन या लिनक्स प्रणालीची एक खोच सांगून ठेवतो. तिथे पोस्टफिक्सचे बरेच प्रोग्राम स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये चालू शकतात आणि तेव्हा नाव-शोधाची (डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता काढण्याची) संरचना असलेल्या फाइलची एक प्रत त्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. जोडणी उशिरा आली आणि मूळ फाइल नंतर बदलली, तर आतील प्रत जुनीच राहू शकते. बाहेरून पिंग चालते, ब्राउझर चालतो आणि पत्रे मात्र 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन' म्हणत रांगेत अडकलेली असतात. पोस्टफिक्स पुन्हा सुरू केले की प्रत ताजी होते.

'ट्राय अगेन' हे शब्द असतील तोवर चिंता नाही, तो तात्पुरता दोष मानला जातो. खरा धोका वेगळा आहे. एकदा आमच्या इंटरनेट पुरवठादाराच्या नाव-शोध सर्व्हरने पुढची जोडणी तुटलेली असताना 'उत्तर मिळत नाही' म्हणण्याऐवजी 'असे नावच अस्तित्वात नाही' असे ठामपणे सांगितले. पोस्टफिक्सने ते प्रमाण मानले आणि पुण्यातील ग्राहकांना पाठवलेली बिले क्षणार्धात परत आली. पुरवठादाराकडे तक्रार केली तेव्हा राउटर बंद करून पुन्हा चालू करा, असे उत्तर मिळाले. यात पोस्टफिक्सला दोष देता येत नाही. 'नाव नाही' हे कायमचे उत्तर आहे आणि पाच दिवस प्रतीक्षा करूनही चुकीचा टंकलेला पत्ता बरोबर होत नसतो. त्यानंतर त्याच यंत्रावर स्वतःचा नाव-शोध सर्व्हर चालवला आणि तो प्रकार पुन्हा घडला नाही. सर्व कायमच्या नकारांना तात्पुरते मानणारी 'सॉफ्ट बाउन्स' ही सेटिंग पोस्टफिक्समध्ये आहे, पण ती चाचणीच्या काळापुरती ठीक; कायम ठेवली तर चुकीच्या पत्त्यांची पत्रे रांगेत तुंबतात आणि प्रेषकाला काहीच कळत नाही.

लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, हा पोस्टफिक्सचा सर्वांत उत्तम आणि सर्वांत रुक्ष भाग. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ पडते, तिच्यात 'डिलेज' या नावापुढे चार आकडे असतात आणि त्या चार आकड्यांत सगळी हकीकत असते. समजा, तिथे १२४७/०.०२/३०/० असे लिहिले आहे. पहिला आकडा म्हणजे रांग-व्यवस्थापकाच्या हाती या प्रयत्नासाठी येईपर्यंत गेलेला वेळ, वीस मिनिटांहून थोडा अधिक. दुसरा व्यवस्थापकाकडे गेलेला. तिसरा नाव शोधून जोडणी होईपर्यंतचा. चौथा प्रत्यक्ष मजकूर पाठवण्याचा. तिसऱ्या जागी नेमके ३० दिसले की समजावे की समोरून काहीच प्रतिसाद नाही, कारण जोडणीसाठी थांबण्याची मूळ मर्यादाच ३० सेकंद आहे. चौथा आकडा फुगलेला असेल तर आमची जोडणी रांगते आहे आणि कोणीतरी बागेचे फोटो न लहान करता जोडले आहेत. दुसरा फुगला तर यंत्रावर खरोखरच भार आहे. तो आमच्याकडे कधी फुगलेला दिसत नाही. 'पत्र गेले का?' या हिशेबनीसांच्या रोजच्या प्रश्नाला या ओळीवरून मी अर्ध्या मिनिटात नेमके उत्तर देऊ शकतो. पण ते उत्तर त्यांना स्वतःला पाहता येत नाही, हीच अडचण आहे.

तिथे पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगवर माझा ठाम आक्षेप आहे. पत्र रांगेत अडकले आहे अशी सूचना प्रेषकाला देण्याची सोय आहे, परंतु ती मुळात बंद असते. म्हणजे सोमवारी पाठवलेले पत्र पोहोचले नाही हे प्रेषकाला थेट शनिवारी कळते. हंगामाच्या ऐन दिवसांत, पिकू लागलेल्या मालाच्या व्यवहारात, याला काही अर्थ नाही. ही मुदत मी ४ तासांवर ठेवली. सूचनेचा मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात मोठ्या अक्षरांत 'ही केवळ सूचना आहे, पत्र पुन्हा पाठवण्याची गरज नाही' असे लिहिलेले असते. कार्यालयातील मंडळी ते न वाचता पत्र पुन्हा पाठवत आणि जोडणी आल्यावर ग्राहकाकडे एकाच बिलाच्या तीन प्रती पडत. सूचनेचा साचा बदलता येतो, मजकूर मराठीत लिहिता येतो, अक्षरसंच तेवढा नीट नोंदवावा लागतो. 'पत्र रांगेत सुरक्षित आहे, आम्ही प्रयत्न करत आहोत, कृपया पुन्हा पाठवू नये' एवढे साधे वाक्य आल्यापासून हा त्रास बराच कमी झाला.

प्रती दोनदा जाण्याचे एक कारण मात्र कोणालाच पूर्ण टाळता येत नाही. संपूर्ण मजकूर समोर पोहोचला, समोरच्याने २५० म्हटले आणि ते उत्तर आमच्यापर्यंत येण्याआधीच जोडणी तुटली, तर आमची बाजू पत्र गेले नाही असेच समजणार आणि पुन्हा पाठवणार. हरवण्यापेक्षा दोनदा पोहोचलेले बरे, असा कौल या व्यवस्थेने मुळातच दिलेला आहे. ज्यांना बिलांच्या दुहेरी प्रतींची धास्ती वाटते त्यांनी बिलावर क्रमांक घालावा.

रांगेतील क्रम कसा ठरतो, याबाबत पोस्टफिक्स मला विशेष आवडते. हंगाम सुरू होताना संस्था सर्व सभासदांना आणि जुन्या ग्राहकांना दरपत्रक पाठवते. एकच पत्र, शेकडो पत्ते. असे पत्र रांगेत शिरले की त्यामागून आलेल्या एका पत्त्याच्या पत्राने खोळंबून राहावे का? पॅट्रिक राक यांनी लिहिलेली वेळापत्रकाची पद्धत इथे कामी येते: मोठ्या पत्राचे काही पत्ते उरकले की त्या बदल्यात लहान पत्राला पुढे जाण्याची मुभा मिळते. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर लांबलचक गाडी क्रॉसिंगला बाजूच्या रुळावर उभी करून दुसरी गाडी पुढे काढतात, तसेच हे आहे. फरक एवढाच की इथे उभ्या गाडीला किती वेळ थांबवायचे यालाही हिशेबाची मर्यादा आहे, त्यामुळे ती अनंतकाळ अडकून पडत नाही.

एकाच ठिकाणी किती जोडण्या एकदम करायच्या याचाही विचार आहे. सुरुवात ५ जोडण्यांनी होते आणि समोरचा नीट स्वीकारत असेल तर ती २० पर्यंत वाढते. नकार येऊ लागले तर कमी होते. मोठ्या मोफत मेल सेवांना मात्र लहान सर्व्हरकडून अचानक आलेला लोंढा संशयास्पद वाटतो आणि त्या ४२१ म्हणत दार लावतात. अशा ठिकाणांसाठी वेगळी संथ वाट तयार करून दोन पत्रांमध्ये एका सेकंदाचे अंतर ठेवता येते. दरपत्रक संपायला वेळ लागतो, पण सगळे पोहोचते.

'होल्ड' ही रांग बहुतेकांना ठाऊकच नसते, ती संकटसमयी उपयोगी पडते. कार्यालयातील एका खात्याचा पासवर्ड चोरीला जाऊन त्यातून स्पॅम सुटू लागले तेव्हा प्रथम सगळी रांग एका कमांडने 'होल्ड'मध्ये टाकली, मग प्रेषकाच्या पत्त्यावरून घाण वेचून पुसली आणि उरलेली खरी पत्रे सोडली. सर्व्हर बंद करावा लागला नाही, येणारी पत्रे येत राहिली. 'होल्ड'मधील पत्राला कोणी हात लावेपर्यंत ते तिथेच राहते. पण बरेच दिवस थांबवलेले पत्र सोडताना केवळ सोडण्याची कमांड देऊ नये, ते नव्याने रांगेत घालावे. नाहीतर जुने वय मोजले जाऊन पहिल्याच फसलेल्या प्रयत्नात ते परत जाते.

जोडणी आली की सगळी रांग 'फ्लश' करण्याची, म्हणजे सगळी पत्रे लगेच पाठवून पाहण्याची सवय अनेकांना असते, अगदी दर दहा मिनिटांनी आपोआप. ती सोडावी. ज्या ठिकाणांना पोस्टफिक्सने विचारपूर्वक बाजूला ठेवलेले असते त्यांच्याकडेही मग पुन्हा पुन्हा खेटे घातले जातात आणि जी पत्रे सहज पोहोचली असती त्यांना उशीर होतो. मोठ्या खंडानंतर एकदा फ्लश करणे पुरेसे असते.

तुलनेसाठी एक्झिम हे दुसरे मेल सर्व्हर सॉफ्टवेअर घेता येईल. त्याला मध्यवर्ती रांग-व्यवस्थापक नाही. पत्र येताच ते पोहोचवण्याचा प्रयत्न होतो आणि उरलेल्यांसाठी ठरावीक वेळाने स्वतंत्र प्रक्रिया रांगेवरून फिरते. पत्रांची वाट ठरवण्याचे नियम त्यात फार लवचिक आहेत, पण इतक्या वारंवार तुटणाऱ्या जोडणीवर मला पोस्टफिक्सचा मध्यवर्ती हिशेब अधिक भरवशाचा वाटतो. किंमत दोन्हींची शून्य. ज्या कार्यालयात लॉग वाचणारे कोणी नाही त्यांनी मात्र या वाटेला न जाता सरळ महिन्याला पैसे मोजून तयार सेवा घ्यावी. पोस्टफिक्सबरोबर माऊसने चालवण्याजोगा पडदा येत नाही, १ कोटी २ लाख ४० हजार बाइट्सहून मोठे पत्र ते मुळात स्वीकारत नाही आणि ही मर्यादा वाढवायची तरी फाइलच उघडावी लागते.

रांगेची यादी जेसन या, प्रोग्रामांना सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात मिळण्याची सोय ३.१ या आवृत्तीपासून आहे. तिचा उपयोग करून मी कार्यालयातील साध्या वेबपानावर तीन रकाने दाखवतो: कोणाला, केव्हापासून आणि का अडकले. 'का' हा रकाना मात्र अजून इंग्रजीतच आहे, कारण तो मजकूर समोरच्या सर्व्हरकडून जसाच्या तसा येतो.